न करायच्या कामांची वही

घरदुरुस्तीचं काम ठरल्या दिवशी संपलं असं सांगणारी माणसं आमच्या भागात फार नाहीत. जी तीन-चार आहेत, त्या सगळ्यांकडे काम करणारी व्यक्ती एकच. लोक त्यांना ‘नाहीबाई’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. मला एकदा म्हणाल्या, “म्हणू देत हो काका. सगळ्यांना हो म्हणत बसले असते तर आज तुमच्याकडे आले असते का? तीन वर्षांपूर्वीच्याच कुणाच्या तरी घरात अजून फरशी घासत बसले असते.”

बाईंचं वय पन्नाशीच्या आसपास. बांधा बुटका, चालणं झपाझप. अंगात दोन मोठ्या खिशांचा सैल सदरा. एका खिशात मोजायची टेप, दुसऱ्यात जाड पुठ्ठ्याची वही. वही नेहमी अशी उघडायची की दोन्ही पानं समोर यावीत. डाव्या पानावर करायची कामं. उजव्या पानावर न करायची. काम धरण्याआधी घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, त्या उजव्या पानावर. डाव्या पानावर सही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. “जे करायचंय ते सगळ्यांच्या लक्षात असतं. जे करायचं नाही ठरलं, ते चौथ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.”

त्या आमच्याकडे आल्या त्याचं कारण माझी बायको. जिन्यावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. पुढचे काही आठवडे तिला इस्पितळाच्याच दुसऱ्या इमारतीत ठेवलं होतं, तिथे व्यायाम करून घेतात, पुन्हा उभं राहायला शिकवतात. डॉक्टरांनी सांगितलं की जिना वर्षभर तरी विसरा, कदाचित कायमचाच. आमचं झोपणं, अंघोळ, संडास, सगळं वर. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मागे एक रिकामी खोली आणि तिला लागून अडगळीची लहान खोली. इस्पितळानं तारीख दिली. त्या दिवशी खाट सोडायची, कारण ती पुढच्या रुग्णाला दिलेली होती. मध्ये एकवीस दिवस.

आमची मुलगी दूरच्या शहरात असते. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. ती रजा काढून आली आणि म्हणाली, “बाबा, उगाच धावपळ करू नका. आईला मी घेऊन जाते.” बोलणं बरोबरच होतं. पण ती औषधं आणायला खाली गेली तेव्हा बायकोनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, “तिकडे गेले की मी परत यायची नाही. पोर चांगली आहे, म्हणूनच सांगते, ती सोडणार नाही. मला घरी न्या.”

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मी बोटांवर मोजू शकतो. मी हो म्हणालो खरा. मी आयुष्यभर टपालखात्यात पत्रांची वर्गवारी केली. कुणाकडून काम करून घेणं, कुणाला बजावणं, हे मला कधी जमलं नाही. आमच्याकडे ते खातं तिच्याकडे होतं.

मुलीनं एक अट घातली. “त्या तारखेला आई इथे स्वतःची स्वतः संडासला जाऊ शकली, तर राहू दे. नाहीतर त्याच दिवशी मी तिला घेऊन जाणार. तिची बॅग मी आजच भरून ठेवते.”

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्यासोबत एक रिकामी व्हीलचेअर होती, कुठून तरी मागून आणलेली. भिंतींना त्यांनी टेपसुद्धा लावली नाही. मागच्या खोलीत खुर्ची नेली, स्वतः तिच्यात बसल्या आणि म्हणाल्या, “सकाळ झाली. त्या उठल्या. आता पहिलं काय करायचं?”

आम्ही तिघं उभे होतो: मी, मुलगी आणि माझा मेहुणा. मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. कारखान्यात इंजिनिअर होता, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आणि त्या दोन वर्षांत त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

“पहिलं म्हणजे संडास,” मुलगी म्हणाली.

“मग जाऊ या.” बाई हातानं चाकं फिरवत निघाल्या. दारात खुर्ची अडकली. वहीत लिहिलं. दुसऱ्या दारात उंबरा आडवा आला. लिहिलं. अडगळीत ट्रंका आणि जुनी गादी होती. त्या खोलीकडे बघून म्हणाल्या, “इथे कमोड.” तिथून हात लांबवून हवेत दांडी धरल्यासारखं केलं, उठून उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. शेवटी पुढच्या दाराच्या दोन पायऱ्यांशी आल्या आणि थांबल्या. एवढ्या फिरण्यातून डाव्या पानावर पाच कामं उतरली. पुढच्या पायऱ्यांवर उतार करणं, दार रुंद करणं, उंबरा काढणं, अडगळीचं संडास-बाथरूम करणं, भिंतीला दांड्या बसवणं. प्रत्येकापुढे दिवस लिहिले. बेरीज अठरा झाली. खाली एक रेघ ओढून लिहिलं: वाळायचे दिवस, तीन.

“हे तीन कुणाचेच नाहीत,” त्या म्हणाल्या. “माझेही नाहीत. यांना हात लावायचा नाही.”

मेहुण्यानं घसा साफ केला. “आता भिंत फोडतोच आहोत तर...”

बाईंनी पेन्सिल उचलून उजवं पान समोर घेतलं. “बोला साहेब.”

“नाही, म्हणजे खालच्या सगळ्या फरश्या एकदमच बदलल्या तर? पुन्हा पुन्हा कोण उकरणार.”

“छान सुचवलंत.” लिहिलं. “आणखी?”

“वायरिंग जुनं आहे.”

“आहे खरं.” लिहिलं.

मुलीला भिंतीतलं कपाट हवं होतं, आईचे कपडे हाताशी राहतील म्हणून. लिहिलं. मेहुण्याला मागच्या खोलीतून परसात उघडणारं दार हवं होतं. लिहिलं. दहा मिनिटांत उजवं पान भरलं. मेहुणा खुश झाला, कारण त्याला कुणी अडवलं नव्हतं. मग बाईंनी पान त्याच्यापुढे धरलं.

“सही करा.”

“कशावर?”

“ही सगळी कामं होणार नाहीत यावर.”

“पण तुम्ही तर छान म्हणालात.”

“छानच आहेत. वाईट असती तर लिहिली कशाला असती? एकवीस दिवसांत होणार नाहीत, एवढंच. ताई घरी आल्या, बऱ्या झाल्या, की त्यांना विचारून सावकाश करू. आणि साहेब, यातलं काही डावीकडे आणायचं असेल तर आणा. मात्र तेवढ्याच दिवसांचं काहीतरी डावीकडून इकडे पाठवायचं. बोला, कपाट आणू? मग संडास पाठवते.”

मुलगी हसली. मेहुण्यानं सही केली, पण पुढे दोन दिवस तो मला सांगत होता की मोठ्या कामांत असं चालत नसतं, भाऊजी. मीही सही केली. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही. पुढे जे झालं ते यातूनच झालं, म्हणून लिहून ठेवतो.

काम करणारे होते बाईंचे यजमान. आम्ही त्यांना मिस्त्रीच म्हणायचो. उंच, शांत माणूस, हातात अशी कला की भिंतीवरून तळहात फिरवून सांगायचे कुठे सूतभर फुगीर आहे. बोलणं गोड. कुणी काही सांगितलं की म्हणायचे, “त्यात काय, होऊन जाईल.”

त्या शब्दांचा इतिहास बाईंनी एका दुपारी चहा पिताना त्यांच्यादेखतच सांगितला. लग्न झालं तेव्हा मिस्त्री स्वतः कामं घ्यायचे. नाही म्हणायची सवय नाही. एका डॉक्टरच्या दवाखान्याची एक खोली करायला घेतली. डॉक्टर म्हणाला फळी लावा, लावली. ओटा करा, केला. मग बसायला बाक, मग बाकावर छप्पर. “दवाखाना आठ महिन्यांनी तयार झाला,” बाई म्हणाल्या, “तोवर डॉक्टर कंटाळून दुसऱ्या गावी गेला होता.”

“बाक मात्र मजबूत झाला होता,” मिस्त्री म्हणाले.

“आणि आमच्या स्वतःच्या घराला सात वर्षं दार नव्हतं काका. पडदा होता. लोकांची छपरं घालायची, घरी पडद्याला दगड बांधायचा. मी तेव्हा कामावर चहा द्यायची. एक दिवस वही घेतली आणि यांना म्हटलं, आजपासून हात तुमचे, तोंड माझं. कुणी काही सांगितलं की एवढंच म्हणायचं, बाईंना विचारा.”

“म्हणतो की,” मिस्त्री म्हणाले.

“म्हणतात. माझ्यादेखत म्हणतात.”

आम्ही सगळे हसलो. मिस्त्रींनाही हसू आलं. मला तो माणूस फार आवडला, आणि का आवडला तेही कळत होतं.

काम चांगलं चाललं होतं. मेहुणा रोज यायचा. “आता करतोच आहोत तर” असं म्हणायचा आणि बाई न बोलता उजवं पान उघडायच्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यानं वाक्य अर्धवट सोडायला सुरुवात केली. “आता करतोच...” म्हणून थांबायचा आणि आपणच म्हणायचा, “असू दे, लिहा.” बाई मला एकदा म्हणाल्या, “जी घरं अर्धवट राहतात ना काका, त्यांतली निम्मी या एका वाक्यानं राहतात. वाईट इच्छेनं कुणी म्हणत नाही. सगळे मायेनंच म्हणतात. मायेनं म्हणतात म्हणून तर नाही म्हणायला जड जातं.”

बाराव्या दिवशी सकाळी अडगळीच्या जमिनीवर वॉटरप्रूफिंगचा थर देऊन झाला. तो दोन दिवस तसाच वाळू द्यायचा होता. बाई दुसऱ्या कामावर गेल्या. मिस्त्री मागच्या खोलीत हत्यारं पुसत बसले होते. त्या दिवशी त्यांना तसं काम नव्हतं. मुलगी इस्पितळात होती, मेहुणा आला नव्हता.

आता माझ्या मनातलं सांगतो. वरच्या मजल्यावर रस्त्याकडे एक खिडकी आहे. बायको दुपारी तासन्‌तास त्या खिडकीशी बसायची. खालच्या खोलीची खिडकी उंच आहे. खाटेवर पडून बघितलं तर नुसतं आभाळ दिसतं. मी एकदा तिथे सतरंजीवर पडून पाहिलं होतं. ती इथे पडून राहणार आणि तिला रस्ता दिसणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. सह्या घेताना जिभेवर आलं होतं. पण बाकीच्यांची एवढी मोठी कामं नाकारली जात होती, त्यात माझं काय, असं वाटून गप्प बसलो.

मी मिस्त्रींना चहा दिला आणि खिडकीकडे बघत म्हणालो, “ही खिडकी हातभर खाली आणता येते का हो? सहज विचारतो.”

मिस्त्रींनीही खिडकीकडे बघितलं. चहा संपवला. “त्यात काय,” म्हणाले, “एक दिवसाचं काम. आज हात मोकळाच आहे.”

“पण बाईंना...”

“संध्याकाळपर्यंत चौकट खाली. बघून खुश होतील त्या.”

तसं होणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी छिन्नी उचलली आणि मी खिडकीखालची खुर्ची बाजूला ओढली.

विटांचे तीन थर निघाले. चौथ्यात लोखंडी नळ होता, स्वयंपाकघराकडे जाणारा, जुना, आतून गंजलेला. तो भिंतीत आहे हे मला चाळीस वर्षं त्या घरात राहून माहीत नव्हतं. छिन्नी टेकली आणि पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर गेली. मी पळत बाहेर कॉक बंद करायला गेलो. कॉक फिरेना. मिस्त्री आले, त्यांनाही फिरेना. पाना शोधण्यात, पाना घसरण्यात वीस मिनिटं गेली. तोवर खोलीतलं पाणी उतार शोधत निघालं होतं, आणि घरातला सगळ्यात खोल भाग म्हणजे आदल्या आठवड्यात खणलेली अडगळ. सकाळचा थर धुऊन निघाला. खालच्या मुरुमाच्या भरणीचाही चिखल झाला.

आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. पायजमे गुडघ्यापर्यंत भिजलेले. मिस्त्री हळूच म्हणाले, “काका, मी सांगतो की मला सुचलं.”

“नाही,” मी म्हणालो. “मी सांगणार.”

बाई आल्या. त्यांनी खिडकी बघितली, अडगळ बघितली, मग आम्हाला बघितलं. एक बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. “कुणी सांगितलं?”

“मी,” आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी वही काढली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, “दिवस उरलेत नऊ. चिखल उपसायचा, भरणी, पुन्हा थर, वाळवणं, मग बाकीचं. काम झालं तेरा दिवसांचं. वाळायचे तीन त्यात धरलेच आहेत, ते काढले तर संडास महिन्याभरात गळेल.”

संध्याकाळी मुलगी आली. सगळं ऐकून घेतलं. आईची भरलेली बॅग कोपऱ्यात होती ती उचलून पुढच्या खोलीत दाराजवळ ठेवली. मेहुण्याचं म्हणणं, इस्पितळाकडून चार दिवस वाढवून घ्या. मी फोन केला. फोनवरची कर्मचारी सभ्यपणे बोलली, पण खाट दिलेली होती ती होतीच.

बाई बादलीवरून उठल्या नव्हत्या. “चार दिवस डावीकडून उजवीकडे जायला हवेत,” त्या म्हणाल्या. “काय जाऊ शकतं?”

मेहुणा म्हणाला, उतार नको, चौघं मिळून खुर्ची उचलू. मुलगी म्हणाली, मग रोज कोण चौघं येणार? दांड्या नंतर लावू म्हटलं तर बायको पडेल. दार तर फोडून झालंच होतं. मी गप्प होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

“तुमचं कसं?” मी म्हणालो. “चूक माझी आहे.”

“तुमची आहेच. पण मी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मला वाटलं, तुम्हाला काही नको असेल. जो बोलतो त्याचं पानावर येतं काका, सही होते, विषय संपतो. जो बोलत नाही त्याचं कुठेच येत नाही, ते त्याच्या मनात शिल्लक राहतं. त्या पानावर खिडकी लिहिलेली असती तर तुम्ही मिस्त्रींना सांगितलं असतं का?”

मी विचार केला. सही केल्यावर मी नसतं सांगितलं. तसं म्हणालो.

तेव्हापासून, असं मी ऐकतो, बाई नव्या घरात गेल्या की आधी बडबड करणाऱ्यांकडे वळत नाहीत. कोपऱ्यात उभा असेल त्याला विचारतात, तुम्हाला काय हवं होतं? तो नाही-नाही म्हणतो. बाई पेन्सिल धरून थांबून राहतात.

पण त्या दिवशी त्या आणखी एक गोष्ट म्हणाल्या. “आणि एका माणसाला तर आपण कुणीच विचारलेलं नाही. उद्या मला इस्पितळात न्या.”

मला ते नको होतं. बायकोला कळू न देता निस्तरावं असं वाटत होतं. पण बाईंपुढे मी काय बोलणार?

बायको खुर्चीत बसून पायाचा व्यायाम करत होती. बाईंनी आपली ओळख सांगितली, जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं, माझं नाव न लपवता, आणि वही तिच्या मांडीवर ठेवली. बायकोनं चष्मा लावला. आधी उजवं पान वाचलं.

“परसात दार. हा माझा भाऊ असणार.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“लहानपणी पतंगाला शेपटी लावायचा. एवढी लांब लावायचा की पतंग उडायचाच नाही.” मग मला विचारलं, “आणि खिडकी कशासाठी?”

“तुला रस्ता दिसावा म्हणून,” मी म्हणालो. “ तू वर खिडकीशी बसायचीस ना.”

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “अहो, मी तिथे उजेडासाठी बसायची. सुईत दोरा ओवायला. रस्त्यात काय बघायचंय मला? आणि आता तर मला रस्ता दिसला म्हणजे रस्त्याला मी दिसणार. या खुर्चीत. मला नाही दिसायचं इतक्यात कुणाला.”

चाळीस वर्षं तिला त्या खिडकीशी बघून माझं मी एक ठरवून टाकलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

“खिडकी आहे तिथेच राहू दे,” ती बाईंना म्हणाली. “पाडलेल्या विटा लावा परत.”

“अर्धा दिवस. प्लास्टर मागाहून. ते तेरात धरलंय. चार अजून हवेत.”

बायकोनं डाव्या पानावर बोट ठेवलं. “हे संडास-बाथरूम. यात काय काय येतं?”

“जमीन, कमोड, त्याचं पाणी, अंघोळीची जागा, नळ, भिंतीच्या टाइल्स.”

“टाइल्स कशाला?”

“शोभेला नाही, भिंत भिजू नये म्हणून. अंघोळीचं पाणी उडतं.”

“आणि अंघोळच नसली तर?”

बाईंनी पेन्सिल कानावरून काढली.

“इथे महिना झाला, ओल्या टॉवेलनंच अंग पुसून घेते,” बायको म्हणाली. “आणखी महिनाभर पुसेन. त्यानं काही बिघडत नाही. पण संडासला कुणी धरून नेणं मला नको. सगळ्या यादीत मला हवं ते एवढंच आहे. बाकीचं तुम्ही लोकांनी माझ्यासाठी ठरवलंत.”

बाईंनी तिथेच बसून लिहिलं. टाइल्स दोन दिवस, अंघोळीची जागा आणि नळ दोन दिवस. दोन्ही उजवीकडे गेले. डावीकडे नऊ उरले, वाळायच्या तीन दिवसांसकट. मग त्यांनी पान तिच्यापुढे धरलं. बायकोनं सही केली आणि म्हणाली, “एक राहिलं. सुई ओवायला दिवा हवा, मान वाकवता येते तसा.”

“त्याला मिस्त्री लागत नाही ताई, दुकान लागतं,” बाई म्हणाल्या. “ते काकांकडे.”

“बघा, त्यांना दुसरं काही सुचलं नाही तर आणतील.”

परत येताना बाई मला म्हणाल्या, “तुमच्या घरात बसून चार शहाण्यांनी दोन तास काढले. ताईंना चार मिनिटं लागली.” मी म्हणालो, ती तशीच आहे. “नाही काका,” त्या म्हणाल्या, “त्यांना माहीत होतं, हे सगळं कशासाठी चाललंय.”

पुढचे नऊ दिवस मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. मेहुणा यायचा, विटा उचलून द्यायचा. पहिल्यांदाच तो खरोखर उपयोगी पडत होता आणि त्याला ते आवडतही होतं. एकदा थर वाळत असताना त्यानं विचारलं, पंखा लावून लवकर वाळवला तर? बाई म्हणाल्या, लावून बघा, तडे गेले की त्यावर सही करा. पंखा लागला नाही. ते तीन दिवस आम्ही कुणीच अडगळीत पाऊल ठेवलं नाही. दारातून बघायचो आणि परत फिरायचो. आठव्या दिवशी कमोड बसला. नवव्या दिवशी सकाळी मिस्त्री दांड्यांचे शेवटचे स्क्रू आवळत होते तेव्हा दारात इस्पितळाची गाडी येऊन थांबली.

उतारावरून खुर्ची सरळ आत आली. बायकोनं मागची खोली बघितली. भिंतींना रंग नाही, खिडकीखाली उघड्या विटा, कोपऱ्यात सिमेंटची रिकामी पोती. म्हणाली, “गोदामात आणलंत मला.” पण खाटेवर टेकली तेव्हा दोन्ही हात गादीवर पसरून बराच वेळ बसून राहिली. मुलगी दाराजवळच्या बॅगेपाशी उभी होती. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं तिच्या पर्समध्ये होती, ते तिनं लपवलं नव्हतं.

दुपारी बायको म्हणाली, “मला जायचंय.”

मी उठलो, मुलगी उठली, मेहुणा उठला. बाई दारात वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नुसता हात खाली केला, तसे आम्ही बसलो.

ती खाटेवरून खुर्चीत आली. ते इस्पितळात शिकवलेलं होतं, तरी वेळ लागला. खुर्ची रुंद केलेल्या दारातून गेली. उंबरा होता त्या जागी चाक किंचित थांबलं आणि पुढे गेलं. मग तिनं दार लोटून घेतलं. आतून काही ऐकू येईना. मुलगी दाराकडे बघत होती, मी जमिनीकडे. मिस्त्री बाहेरच्या खोलीत पाठ करून उभे होते, त्यांची मान ताठ झालेली मला दिसत होती. दांडीवर हात घासल्याचा आवाज आला, मग पुन्हा काही नाही. मेहुण्यानं तोंड उघडलं, बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्यानं मिटलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी पाणी सोडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं दार आतून ओढलं गेलं.

ती खुर्चीत बसून बाहेर आली. कपाळावर घाम होता. पदरानं तो टिपला, श्वास घेतला आणि मुलीकडे बघितलं.

“तुझी गाडी किती वाजता आहे?”

“सहाला,” मुलगी म्हणाली.

“मग वेळ आहे. चहा घेऊन जा. आणि एक तिकीट परत देता येत असेल तर बघ.”